वाचनालयाच्या दाराची गिटार

मिस्त्रींना सूर कळत नाही, ही गोष्ट त्यांना सातव्या वर्षी समजली आणि ती सांगितली त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं. शाळेत वर्गाचं समूहगीत होतं, त्याची घरी तयारी चालली होती. ताई तेव्हा तेरा वर्षांची. तिनं धाकट्या भावाच्या दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "तू नुसतं तोंड हलव." झालं. मिस्त्रींनी समारंभात नुसतं तोंड हलवलं, इतरांबरोबर टाळ्या घेतल्या, आणि त्यानंतर पन्नास वर्षांत गाण्याचा एक शब्द तोंडातून काढला नाही. अंघोळीला शिरला की मुकासुद्धा गातो म्हणतात. हे गृहस्थ मुकाट्यानं दोन तांबे घेऊन बाहेर येत.

गाणं गेलं, पण हातोडी राहिली. लहानपणापासून घरात जे दिसेल त्यावर ठोकत फिरायचे म्हणून ताईनं त्यांचं नाव 'ठोक्या' ठेवलं होतं. पुढं ते दारं बनवायला लागले. खिडक्या नाहीत, कपाटं नाहीत, फक्त दारं. त्यांनी बसवलेलं दार कधी चौकटीला घासलं नाही, कधी आपोआप उघडलं नाही, कधी कुरकुरलं नाही. गावभर लोक त्यांना मिस्त्री म्हणत, बायको 'अहो' म्हणे, आणि ठोक्या म्हणणारी जगात एकटी ताई उरली होती.

ताईनं मात्र गाण्याचीच वाट धरली. टपाल कचेरीत पस्तीस वर्षं शिक्के मारले आणि संध्याकाळी गिटारवर जॅझ वाजवला. जॅझ म्हणजे काय, हे मिस्त्रींनी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, आधी सगळ्यांनी मिळून एक गाणं ठरवायचं, मग एकेकानं ते सोडून हिंडायला जायचं आणि वेळेवर घरी परत यायचं. मिस्त्रींना ते पटलं. मुलांना वाढवतानाही आपण यापेक्षा वेगळं काय केलं, असं ते म्हणाले.

आता ज्याला सूर कळत नाही त्यानं बहिणीचं वाजवणं ऐकायचं कसं? त्यावर मिस्त्रींनी लहानपणीच तोड काढली होती. ते ताईच्या हाताकडे बघायचेच नाहीत. ते बघायचे तिच्या डाव्या भुवईकडे. कुठं कुणाचा सूर घसरला की ताईची डावी भुवई वर जाई. जितका घसरला तितकी वर. तिला स्वतःला हे ठाऊक असलं तरी थांबवता येत नसे. शेजारच्या मुलीचं गाणं ऐकायला गेल्यावर आई तिला मुद्दाम खांबाआड बसवायची. मिस्त्री आजवर प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत ताईच्या डाव्या अंगाची खुर्ची धरून बसत आले ते त्यासाठीच. भुवई खाली, म्हणजे गाणं चांगलं. कानाचं काम डोळ्यांवर भागवणारा असा रसिक दुसरा नसेल.

ताईच्या बँडमध्ये चौघं. सॅक्सोफोन वाजवणारे मास्तर, जे निवृत्त गणितशिक्षक होते आणि बँडही वर्गासारखाच चालवत; एक ड्रमवाला, जो दिवसा टायरचं दुकान चालवी; एक मोठ्या उभ्या व्हायोलिनसारखं वाद्य छेडणारा दंतवैद्य; आणि ताई. ताईची गिटार जुनी, पोकळ पोटाची, ट्रंकेएवढी जाड. जॅझ वाजवणाऱ्यांची तशीच असते. ती कुशीत घ्यायची तर उजवा हात खांद्यापासून उचलून तिच्यावरून पलीकडे टाकावा लागतो. चाळीस वर्षं ताईनं तो टाकला. त्रेसष्टाव्या वर्षी खांद्यानं जाहीर केलं की आता बस झालं.

डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला, ताईनं त्यांना दोन शब्द सुनावले, आणि निदान झालं: हात एवढा उंच धरून तासन्‌तास बसायचं नाही. त्यातच दुसरं संकट. बँडला दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाजवायला एक नवी जागा मिळाली होती. एका जुन्या गोदामाचा छोटा हॉल. तिथं मंच एवढासा की ड्रम ताईच्या मांडीला मांडी लावून. ड्रम मोठ्यानं वाजला की ताईला ॲम्प्लिफायर वाढवावा लागे, आणि तो वाढवला की पोकळ गिटार त्याचाच आवाज पोटात घेऊन हंबरडा फोडी. ताईनं तिच्या पोटात चिंध्या कोंबून पाहिल्या. गिटार हंबरायची थांबली आणि खोकायला लागली.

मास्तर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना उत्तर चटकन हवं असे. हॉल दोन महिन्यांनी सुरू होणार होता. तोवर ताईंची सोय झाली तर उत्तम, नाहीतर त्यांच्या ओळखीत एक कीबोर्डवाले गृहस्थ होते, जे स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन येत. मास्तरांनी हे अगदी सौम्यपणे सांगितलं. ताई घरी आली आणि तिनं गिटार पेटीत घालून पेटी पलंगाखाली सरकवली. भावजयीला म्हणाली, आता स्वेटर विणायला शिकते. तिला विणकामाचा किती तिटकारा होता हे माहीत असलेल्या भावजयीनं तडक आपलं घर गाठलं.

भावजय म्हणजे मिस्त्रींची बायको. ती घरीच शिवणकाम करी. तिनं त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, ताईंचं वाजवणं सुटलं तर त्या महिन्याभरात म्हाताऱ्या होतील. मिस्त्री रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी ताईच्या दारात जाऊन उभे राहिले. पोकळ नको तर भरीव गिटार असते की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

असते, ताई म्हणाली. सपाट, पातळ, एका फळीची. हात उचलावा लागत नाही आणि हंबरतही नाही. पण तिच्यावर लोक आरडाओरड्याची गाणी वाजवतात. मास्तरांचं म्हणणं असं की जॅझचा गोल आवाज पोकळीतूनच येतो, फळीतून फक्त किंकाळी येते. शिवाय बाजारातल्या एकीचंही वजन आणि घडण तिच्या खांद्याला मानवली नव्हती.

"फळी म्हणालीस ना?" मिस्त्रींनी विचारलं. "मग ते माझं काम."

लाकूड त्यांच्याकडे होतं. गावातलं जुनं वाचनालय पाडलं तेव्हा त्याचं मुख्य दार मिस्त्रींनी उचलून आणलं होतं, कारण ते त्यांनीच बनवलेलं. उमेदवारीच्या काळातलं पहिलंवहिलं दार. तांबूस, हलकं, चाळीस वर्षं सुकलेलं लाकूड. जाडी पावणेदोन इंच, आणि गिटारची फळीही तेवढीच लागते हे ताईच्या तोंडून ऐकल्यावर मिस्त्रींना वाटलं, हे दार इतकी वर्षं भलतंच काम करत होतं. दाराच्या खालची रुंद फळी आणि कुलपाकडची फळी अशा दोन जोडून त्यांनी पाट केला. कुलपाचं भोक नेमकं कडेला आलं. ते बुजवायचं जिवावर आलं म्हणून गिटारची वायर खोचायची जागा तिथंच केली. जिथं ग्रंथपाल किल्ली फिरवी, तिथं आता वायर जाणार होती.

मग सुरू झाली कापाकापी. ताई खुर्चीत बसे आणि मिस्त्री पाट तिच्या पोटाला लावून पेन्सिलीनं खुणा करत. कुठं बरगडीला टोचतं, कुठं कोपर टेकतं. शिंप्यानं अंगावर कापड बेतावं तसं त्यांनी ते लाकूड बेतलं. मागून पोटाला जागा दिली, पुढून कोपरासाठी उतार दिला. स्वयंपाकघरातला वजनकाटा कारखान्यात आला तो परत गेलाच नाही. साडेतीन किलोच्या वर ताईचा खांदा तक्रार करी, म्हणून मिस्त्री रोज तासत आणि रोज तोलत. बायको म्हणे, सुनेचंसुद्धा कुणी एवढं वजन बघत नाही.

आवाज पकडणारं यंत्र, ज्याला पिकअप म्हणतात, ते बायकोच्या वाट्याला आलं. लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची. शिवणयंत्राच्या ज्या चाकावर ती बॉबिन भरायची, त्याच्यावरच तिनं ते काम घेतलं. तार चार वेळा तुटली. पाचव्या वेळी सात हजार वेढे पूर्ण झाले तेव्हा तिनं यंत्र थांबवलं, चष्मा काढला, आणि नवऱ्याला बजावलं की यापुढे दारांच्या गोष्टी आपल्याला सांगायच्या नाहीत, नाजूक काम म्हणजे काय ते आता आपल्याला कळलं आहे.

याच दिवसांत एक चमत्कार घडला. मान घडवताना, म्हणजे डावा हात जिच्यावर फिरतो तो लांब दांडा तासताना, मिस्त्री गुणगुणायला लागले. बायकोला आधी वाटलं रंध्यात काहीतरी अडकलं. मग तिनं दाराआडून पाहिलं. नवरा लाकडाचे पापुद्रे काढतोय आणि नाकातून एक भयंकर आवाज येतोय, ज्याला ना शेंडा ना बुडखा. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती हलकेच सरकली. मागं वळली तर पायरीवर ताई उभी. तिची भुवई जवळजवळ केसांत शिरली होती, आणि डोळे भरून आले होते. दोघी तशाच पावली आत चहा टाकायला गेल्या.

सहाव्या आठवड्यात गिटार तयार झाली. ताईनं जाड, गुळगुळीत तारा चढवल्या, जशा जॅझवाले वापरतात. पहिल्या दिवशी आवाज ताट पडल्यासारखा आला. मग पिकअप मानेच्या अगदी जवळ सरकवला, आवाजातला चरचरीतपणा कमी करणारं बटण जवळजवळ बंद केलं, आणि ताईनं नखाऐवजी अंगठ्यानं तार छेडली. खोलीत एक जाड, गोल सूर उमटला आणि बराच वेळ रेंगाळला. ताईनं तीच तार पुन्हा छेडली. पोकळीवाचून गोल आवाज. मास्तरांचं गणित चुकलं होतं.

मिस्त्रींनी अर्थातच भुवईकडे पाहिलं. पण ताईनं तेवढ्यात खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून वाजवायला लागली. उजेड हवा, म्हणाली. त्या दिवसापासून तीच तऱ्हा. मिस्त्री आले की ताई पाठमोरी. कधी उजेड, कधी वारा, कधी शेजारची मांजर बघायची म्हणून. मिस्त्रींनी मनाशी अर्थ लावला की नवी गिटार आहे, लाजते आहे. त्रेसष्ट वर्षांची बाई, जिनं टपाल कचेरीतल्या साहेबांना फैलावर घेतलं होतं, ती धाकट्या भावासमोर लाजते! पण आनंदात बुडालेल्या माणसाला काहीही खरं वाटतं, आणि मिस्त्री नखशिखांत आनंदात होते. भेटेल त्याला सांगत की आपण दार उघडलं नाही, वाजवलं.

तालमीच्या खोलीत मात्र वेगळंच चाललं होतं. मास्तरांनी गिटार उलटीसुलटी पाहिली, कुलपाच्या भोकात गेलेली वायर पाहून हे वाद्य आहे की कपाट असं विचारलं, पण आवाज ऐकल्यावर शब्द मागे घेतले. गोल होता, हंबरत नव्हता, ड्रमच्या मांडीला मांडी लावून शांत बसत होता. अडचण निराळीच होती. दोन तालमी झाल्यावर त्यांनी ताईला बाजूला घेतलं. ताई पूर्वी मानेवर वरपासून खालपर्यंत हिंडायची; आता फक्त पहिल्या चार-पाच पडद्यांवर वाजवत होती. पडदे म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या त्या धातूच्या पट्ट्या, ज्यांच्यामागे बोट दाबलं की सूर बदलतो. मास्तर म्हणाले, तुम्ही तळमजल्यावरच राहता आहात, वरच्या मजल्याला कुलूप लागल्यासारखं वाटतं. खांदा दुखत असेल तर सांगा. कीबोर्डवाल्या गृहस्थांना विचारून ठेवायला हरकत नाही.

ताईनं खांद्याला दोष दिला. भावाला दिला नाही.

हॉल सुरू व्हायला अकरा दिवस उरले होते. मिस्त्री दुपारी ताईकडे गेले, कारण तिच्या कपाटाच्या दाराची बिजागरी सैल झाली होती आणि दार आपोआप उघडत होतं, जे मिस्त्रींच्या बहिणीच्या घरी शोभत नव्हतं. ताई खिडकीपाशी पाठ करून वाजवत बसली होती. मिस्त्री स्क्रू पिळता पिळता सहज म्हणाले, जरा वरच्या पडद्यांवर वाजव की, एवढे बारकाईनं ठोकलेत, तिकडं तू फिरकतच नाहीस. ताई नाही म्हणाली असती तर बरं. पण ती म्हणाली, बरं.

कपाटाच्या दाराला आतून आरसा होता. दार सुटून हळूच फिरलं आणि आरशात ताईचा चेहरा आला. तिचं बोट एकेक पडदा चढत होतं आणि डावी भुवई बोटाबरोबर चढत होती. पाचव्यावर किंचित. सातव्यावर स्पष्ट. बाराव्यावर ती कपाळाच्या मध्यावर होती आणि ताईनं डोळे मिटून घेतले होते. वाजवून झाल्यावर तिनं चेहरा नीट केला आणि मागे न बघता विचारलं, "कसं वाटलं?"

"छान," मिस्त्री म्हणाले आणि दार लावलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिजागरी अर्धवट सोडली. गिटारला जरा पॉलिश करायचंय असं सांगून ती उचलली आणि घरी आले. वाटेत तीन ओळखीची माणसं भेटली, ती त्यांना दिसलीच नाहीत. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, आणि राग कुणावर हे ठरत नव्हतं. घरी येऊन त्यांनी गिटार कामाच्या टेबलावर ठेवली, लोखंडी पट्टी घेतली आणि जुन्या गिटारवरून घेतलेली सगळी मापं पुन्हा ताडून पाहिली. एकेका पडद्यातलं अंतर दोनदा मोजलं. जेवढं ठरवलं होतं तेवढंच. चूक सापडेना, आणि सूर तर चुकत होता.

बायको हातातलं काम टाकून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तारेच्या लांबीचा मधोमध बारावा पडदा असतो असं ताई बोलल्या होत्या ना. मधोमध शोधायला पट्टी कशाला लागते? तिनं शिवणाचा दोरा घेतला, तार जिथून सुरू होते तिथपासून जिथं संपते तिथपर्यंत ताणला, तोडला, आणि परकराचा घेर दुमडावा तसा बरोब्बर दुमडला. दुमड बाराव्या पडद्यावर यायला हवी होती. ती दोन सूत अलीकडे आली. सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; दोन सूत म्हणजे दार लागतच नाही.

आणि मिस्त्रींच्या डोक्यात उजेड पडला. एका लांब फळीतून सारखे तुकडे पाडायचे तर सुतार प्रत्येक कापाला करवतीची जाडी वेगळी धरतो. करवत लाकूड खाते. ती धरली नाही तर तुकडा आखूड पडतो. ही गोष्ट मिस्त्रींच्या हाताला इतकी मुरली होती की डोक्याला विचारावी लागत नसे. पडद्यांच्या खाचा पाडताना हातानं तेच केलं होतं. एका पडद्याचं अंतर मोजायचं, वर करवतीचा अर्धा मिलिमीटर धरायचा, खाच पाडायची, खाचेच्या काठापासून पुढचं मोजायचं. काठापासून काठापर्यंत प्रत्येक माप तंतोतंत. पण खाचेचा अर्धा मिलिमीटर प्रत्येक वेळी साठत गेला होता, आणि बाराव्या पडद्यापर्यंत सगळं घर पुढं सरकलं होतं.

"मी शिलाईसाठी कापड जास्त धरते तसं तुम्ही धरलंत," बायको म्हणाली. "पण इथं तुकडे पाडायचे कुठं होते? एकच तर काठी आहे."

चाळीस वर्षांत एकही दार घासलं नाही म्हणणारा माणूस खाली बसला. थोड्या वेळानं हसायला लागला. चूक सापडली नसती तर तो रडला असता. पण सुताराला चूक सापडली की निम्मं काम झालेलं असतं. दार नीट लागत नसेल तर कुणी भिंत पाडत नाही. मान फळीला चार स्क्रूंनी जोडलेली होती. चार स्क्रू काढले की जुनी मान सुटणार आणि नवी बसणार. दहा दिवस पुष्कळ झाले. या वेळी एकेक माप तारेच्या सुरुवातीपासूनच घ्यायचं, आधीच्या खाचेशी काही बोलायचं नाही.

एक गोष्ट मात्र उरली होती. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी मान हातात घेऊन ताईकडे गेले आणि ती तिच्यासमोर टेबलावर ठेवली. ताईनं मानेकडे पाहिलं, मग भावाकडे. या वेळी तिनं खुर्ची फिरवली नाही.

"तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं," मिस्त्री म्हणाले. "मास्तर तुला काढायला निघालेत हे मला टायरवाल्याकडून कळलं, तरी तू बोलली नाहीस. मला काय काचेचा समजलीस?"

ताई बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिली. तिच्या टेबलाची कड कधीच पुसावी लागत नसे.

"एकदा खरं सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "तू सात वर्षांचा होतास. त्यानंतर तू पन्नास वर्षं तोंड उघडलं नाहीस, ठोक्या. परवा कारखान्यात तू गुणगुणत होतास. मला वाटलं, गिटार खोटी निघाली म्हटलं तर हा पुन्हा गप्प होईल. मग पाच पडदे काय वाईट आहेत? पाचांत पुष्कळ वाजवता येतं."

आपण गुणगुणत होतो हेच मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं, बिजागरी राहिली आहे म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले, जो त्यांच्या खिशातच होता. ताईनं नाक पुसलं आणि सांगितलं की यापुढे गिटारबद्दल खरंच बोलीन, पण तूही दारात उभं राहून भुवया मोजणं बंद कर. तेवढं आपल्याला जमणार नाही, असं मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं.

नवी मान नऊ दिवसांत झाली. पडदे ठोकायच्या दिवशी ताई स्वतः येऊन बसली. बायकोचा दोरा टेबलावर होता. दुमड बाराव्यावर केसभरही इकडेतिकडे न होता पडली, तेव्हा तिघांनी मिळून चहा घेतला. वाजवून मात्र ताईनं तिथं दाखवलं नाही. म्हणाली, रविवारी.

रविवारी पाच वाजता गोदामाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. त्यांतली निम्मी टायरच्या दुकानाची गिऱ्हाइकं आणि उरलेली दंतवैद्याला नाही म्हणू न शकलेली. कीबोर्डवाले गृहस्थही आले होते, स्टुलाशिवाय, ऐकायला. मिस्त्री पहिल्या रांगेत डावीकडं बसले. त्यांनी खुर्ची तीनदा पुढं ओढली. मास्तरांनी ताईला आदल्या तालमीत वरचे पडदे वाजवायला सांगितलं होतं आणि तिनं 'रविवारी' एवढंच उत्तर दिलं होतं. त्यामुळे मास्तर सारखे कीबोर्डवाल्या गृहस्थांकडे बघत होते.

ताई मंचावर आली, बसली, आणि उठली. तिनं खुर्ची उचलली, तिचं तोंड पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाकडे केलं आणि पुन्हा बसली. ड्रमवाल्याला त्यासाठी एक झांज सरकवावी लागली.

आधी सगळ्यांनी मिळून ठरलेलं गाणं वाजवलं. मग मास्तर हिंडून आले. मग ताईची पाळी आली. ती पहिल्या पाच पडद्यांवर दोन चकरा मारून निघाली आणि चढली. सातवा. नववा. बारावा, आणि तिथून पुढं पंधरावा, जिथं बोटाला जागा पुरत नाही तिथपर्यंत. वाचनालयाचं दार गोल आवाजात बोलत होतं, आणि मिस्त्रींना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण ताईची डावी भुवई जागच्या जागी होती. झोपलेल्या माणसासारखी शांत. वर मनसोक्त हिंडून ताई वेळेवर घरी परत आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी त्या टाळ्यांत सॅक्सोफोन तोंडाला लावला.

तेवढ्यात भुवई वर गेली. चांगली दोन बोटं.

कुठला पडदा? कितवा? मिस्त्री अर्धे उठले. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि गिटारवरून हात न काढता हनुवटीनं हळूच बाजूला खूण केली. सॅक्सोफोनकडे. मास्तर डोळे मिटून, तल्लीन होऊन, सुराच्या जरासं वर वाजवत होते. मिस्त्री खाली बसले आणि इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या दातांच्या पेशंटनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

परतताना अजून उजेड होता. गिटार मिस्त्रींच्या पाठीवर, बायको एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला. वळणावर मिस्त्रींच्या नाकातून काहीतरी सुरू झालं. मग तोंड उघडलं. ते आज ऐकलेलं गाणं असावं असा दोघींनी अंदाज केला. रस्त्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. बायकोनं नवऱ्याची बाही ओढायला हात पुढे केला.

"असू दे गं," ताई म्हणाली. "गाऊ दे त्याला."

तिची डावी भुवई कपाळाच्या पार वर जाऊन बसली होती. ती खाली आणायचा तिनं प्रयत्नही केला नाही, आणि घर येईपर्यंत ती त्याच्या शेजारून चालत राहिली.